तुमच्या बियांची उसळ

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही "रोपं दाखव" म्हणणार, म्हणून खरं काय ते आजच लिहिते.

तुमच्या बागेतल्या विलायती वालाचं बी तुम्ही वाळवून पाठवलंत. ते थंडी सुरू होताना पेरायचं, म्हणून दिवाळीत मी भिजवलं आणि मोड यावेत म्हणून ओल्या फडक्यात बांधलं. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. मोडाची पुरचुंडी नळाजवळच्या खुंटीला टांगायची, तशी हीही टांगली.

भाऊबीजेला मनमाडहून आजोबांची बहीण आली. मी देवळातून परतले, तर घरभर फोडणीचा वास आणि खुंटी रिकामी.

"वहिनी, तुमचे वाल भलतेच थोराड हो," नणंदबाई म्हणाल्या. "सोलून सोलून नखं दुखली. पण गूळ आणि आमसूल घातलंय सढळ हाताने."

"वन्सं, ते नातवंडांनी पेरायला पाठवलं होतं."

"मग उसळीच्या खुंटीला कशाला टांगलंत?"

मी ताटं मांडायला घेतली. आजोबांनी तर दुसऱ्यांदा उसळ वाढून घेतली. "नातवंडांनी पाठवलेलं आमच्या पोटात गेलं, वाया कुठे गेलं?" असं वर म्हणाले.

मोड न आलेला एक कडक दाणा नणंदबाईंनी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकून दिला होता. तो आता उगवलाय. रोप चार बोटं उंच आहे आणि तेवढं एकच आहे.