जुलैचा जून कुणी केला?

माझी भाची धनश्री राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याला तोड आधी. त्यामुळे लागणीच्या तारखेवर सगळ्यांचा डोळा. यंदा नवा प्रोग्राम आला आणि काही तारखा आपोआप महिनाभर मागे जायला लागल्या. लगेच कुजबुज सुरू, 'ही पोरगीच तोडीचे नंबर फिरवते.'

सभासदाला मिळणारी साखर आणायला मी गेले आणि धनश्रीच्या टेबलाशी टेकले, तेव्हा माझ्यासमोर घडलं ते सांगते.

चूक कुठे होते ते शोधायला धनश्रीने प्रोग्राम मध्येच थांबवला होता. पडद्यावरच्या एका खिडकीत बदललेली, पण अजून पक्की न झालेली तारीख ती दुसऱ्या खिडकीतून बघत होती. आणि तपासायला उसाची नोंद घेतली कुणाची? स्वतःच्या वडिलांची. बेणं टाकायला ती शेतात होती, तारीख पाठ होती म्हणून. अक्कल बघा. पडद्यावर जुलैचा जून झाला आणि नेमके शेतकी अधिकारी आबासाहेब मागे उभे.

"वा मॅडम. घरच्याच उसाला पुढचा नंबर?"

"साहेब, हे कच्चं आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर बघा, जुलैच दिसेल."

त्यांनी जाऊन बघितलं. जुलैच होता. संशय कमी व्हायचा तर वाढला.

"हितं एक, तिथं एक. लपवाछपवी लई जमती तुमाला."

"थांबा, रद्दच करते."

"आन् पुरावा घालवता व्हय? हात काढा. कामावरून कमी केल्याचा कागद आजच निघंल."

तिने हात मांडीवर ठेवले. "मग तुमचा ऊस घ्या साहेब. बटणंही तुम्हीच दाबा, मी सांगते."

त्यांनी दाबली. त्यांच्याही जुलैचा जून झाला. माणूस दाराकडे बघायला लागला.

"अहो, ते रद्द करा आधी. कुनी बघितलं तर?"

"पुरावा जाईल ना, आबासाहेब," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

दोन्ही तारखा रद्द झाल्या. संध्याकाळपर्यंत प्रोग्राममधली चूक सापडली, कागद काही निघाला नाही. माफीही नाही. उलट तिचा पडदा दाराकडे तोंड करून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.

त्या रात्री जेवायला बसलो. माझा भाऊ भागवत, धनश्रीचा बाप, सगळं ऐकून भाकरी कुस्करायला लागला. मग हळूच म्हणाला, "धने, आपल्यापुरता तो जून तसाच ऱ्हाऊ दिला असता, तर कुनाला कळलं असतं का गं?"

धनश्री अर्ध्या ताटावरून उठली.