पांढरीसाठी आणलेली चार बदकं

मागचं फाटक मीच उघडं टाकलं होतं. भंवरकुआं भागातल्या मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये मी वॉर्डन आहे. त्या सकाळी एका मुलीला खूप ताप चढल्याचा फोन आला आणि मी मागच्या गल्लीतून स्कूटी काढून तशीच निघाले. परत आले तेव्हा परसभर पिसं पसरली होती. गल्लीतल्या कुत्र्यांनी सहापैकी पाच बदकं मारली होती. उरलेली एक पांढरी मादी सिमेंटच्या हौदाच्या मधोमध तरंगत होती, आवाज न करता.

बदकं सासऱ्यांची. नवरा नोकरीसाठी रायपूरला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सासरे महूच्या छावणीत कारकून होते, त्यांचे वडील पलटणीत. घरात सगळं वेळेवर आणि कमी शब्दांत. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातांनी तो हौद बांधला आणि पिल्लं आणून वाढवली. ते फिरून आले, परसाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "किती राहिली?"

"एक."

खड्डा त्यांनी एकट्यानं खणला. मला हात लावू दिला नाही. फाटक कुणी उघडं ठेवलं, हे विचारलंच नाही. त्यांनी विचारावं म्हणून मी वाट पाहत राहिले. आपणहून सांगायची हिंमत झाली नाही.

बदक एकटं राहू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. पांढरी दिवसभर ओरडायची. मग परसातल्या स्टीलच्या टाकीच्या चकचकीत पत्र्यात तिला स्वतःचं रूप दिसलं, आणि ती टाकीला चिकटून उभी राहू लागली. दाणे तसेच पडून राहायचे. सासऱ्यांनी आपली खुर्ची तिच्याजवळ नेली. तेही अर्ध्या पोळीवर उठू लागले. डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं की म्हणायचे, "मला काय झालंय?" दोन आठवड्यांत त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "नवीन आण ना चार. त्यात काय?"

रविवारी मी महूच्या पुढे एका बदकंवाल्याकडे गेले. त्याने चार बदकं भाजीच्या क्रेटमध्ये घालून दिली आणि बजावून सांगितलं, "मैडम, पंद्रह-बीस दिन अलग रखना. पानी अलग, बर्तन अलग. सीधे मत मिलाना." मी मान हलवली. खरंच वेगळीच ठेवणार होते; जिन्याखालची जागाही झाडून ठेवली होती.

घरी आले तर सासरे भरदुपारी ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. "बाबा, बघा तरी काय आणलंय." ते वळले नाहीत. पांढरी टाकीपाशी मान आखडून उभी. पंधरा दिवस ही दोघं टिकायची नाहीत, असं मला वाटलं. मी तिथेच परसात क्रेट उघडला.

चारही नवी बदकं भिंतीशी गोळा होऊन उभी राहिली. त्यातलं एक बोललं, आणि पांढरी टाकी सोडून धावली. धावली ती थेट चावायलाच. सगळ्यात लहान बदकाची मान तिने चोचीत धरली. मी सोडवायला पळाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "राहू दे बेटा. रांग लावतेय ती. आधी कोण, मग कोण, हे ठरल्याशिवाय जमायचं नाही." सासरे उठून उभे होते. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरी पोळी मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

चार दिवस पाचही बदकं एकाच हौदात होती. पाचव्या दिवशी नव्यातलं एक उठेना. डोळ्यांतून पाणी, हिरवट पातळ विष्ठा. दुपारपर्यंत ते मेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात लहान गेलं. तिसऱ्या दिवशी पांढरीची मान लटकू लागली.

तिला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नए वाले सीधे मिला दिए? किसी ने बताया नहीं था?"

सासरे माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणाले, "नहीं."

"इन्हें क्या मालूम, साहब," सासरे म्हणाले. "गलती मेरी है, मुझे पूछना था."

इंजेक्शन दिलं, औषध दिलं. मी रजा टाकली. ड्रॉपरने तिच्या चोचीत औषध घालत होते, सासरे तिची मान धरून होते, आणि "मला कळायला हवं होतं" असं पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत होते. मला ते ऐकवेना.

"बाबा, त्या माणसाने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. आणि ते फाटकही मीच..."

"फाटकाचं माहीत होतं," ते म्हणाले. "स्कूटीची चाकं चिखलात उमटली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"चूक कुणाच्याही हातून होते." त्यांनी पांढरीची मान नीट सावरली. "पण त्या माणसाचं सांगणं तू त्याच दिवशी माझ्या कानावर घातलं असतंस, तर मी स्वतः नवी बदकं वेगळी काढली असती. डॉक्टरसमोर माझ्याकडून खोटं वदवलंस."

तुम्ही मराल अशी भीती वाटली, हे सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

पांढरी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मांडीवरच मेली. तिच्यावर चुना टाकून त्यांनी माती ओढली. या वेळी मी आपणहून दूर उभी राहिले.

नव्यातली दोन वाचली, एक तपकिरी आणि एक काळी. आठ-नऊ दिवस सासरे माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, निमूटपणे सगळं संपवायचे. मला शिक्षा केल्यासारखे. बदकांकडे बघायचेही नाहीत. मी हौद उपसला, घासला, उन्हात वाळवला. हॉस्टेलच्या मेसमधून पालेभाज्यांची देठं आणू लागले. ती दोघं मला बघून पळायची, आणि मला ते योग्यच वाटायचं.

आता सहा महिने झाले. सासरे बोलतात, वीज गेली, दूधवाला आला नाही, एवढं. बदकांना दाणे टाकतात, पण मांडीवर घेत नाहीत. परवा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही मला माफ केलंत का?"

त्यांनी चष्मा पुसला. "माफी-बिफी मला समजत नाही, बेटा," ते म्हणाले. "त्या तपकिरीचा पाय लंगडतोय. काय झालंय बघ जरा."

मी बघायला गेले.