कोरड्या हवेसाठी पिंपळगावला

सकाळी साडेसातला एसटी जालन्याच्या स्थानकात शिरली. सुमनने खिडकीतून हळूच श्वास घेऊन पाहिला. "लोखंडाचा वास येतोय," ती म्हणाली. वास खराच होता. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचा धूर शहरावर आला होता. आम्हाला मात्र पुढे, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला जायचे होते.

सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, दमा आहे. त्या वर्षी ती पुण्यात तीनदा रुग्णालयात दाखल झाली. तिसऱ्या वेळचे बिल मी मुदतठेव मोडून भरले. जूनमध्ये मी वर्तमानपत्रातल्या नोकरीतून निवृत्त होणार होतो. डॉक्टर म्हणाले होते, कोरड्या हवेत राहा. पिंपळगावातला माझा चुलतभाऊ दत्तू तीन खोल्यांचे घर द्यायला तयार होता. पुण्यातला फ्लॅट विकून तिथे जायचे की नाही, हे चार दिवसांत ठरवायचे होते.

भोकरदनहून पुढे काळीपिवळी (भाड्याची जीप) होती. अकरा माणसे कोंबून झाली तरी चालक बाहेरच उभा.

"निघणार कधी?"

"दोन सवाऱ्या आल्या की निघालोच, काका. जल्दी हाये का?"

"बाईंना दम्याचा त्रास आहे."

"मंग त्यान्ला समोर बसवा ना."

समोर आधीच तिघे होते. जीप पन्नास मिनिटांनी हलली. पुढेमागे सुमनला तातडीने न्यायची वेळ आली तर याच जीपमधून न्यावे लागणार, हे मी वहीत लिहून ठेवले.

पहिला दिवस चांगला गेला. आकाश स्वच्छ होते. भाकरी, पिठले आणि ठेचा खाऊन सुमन रेणुकाईच्या देवळापर्यंत न थांबता चालत गेली. पुण्यात तिला दोन जिने चढताना चारदा थांबावे लागते. घराची किंमत मी त्या संध्याकाळी दत्तूला विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खळ्यावर ज्वारीचे मळणीयंत्र सुरू झाले. कोरड्या हवेत फाल्गुनात भुसा असतो, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले नव्हते. साडेदहाला सुमन गुडघ्यांवर हात टेकून खाटेवर बसली होती. तोंडात पंप मारूनही उपयोग झाला नाही.

गावातले डॉक्टर दहा मिनिटांत मोटारसायकलवर आले. त्यांनी इंजेक्शन दिले आणि पंधरा रुपये घेतले. ऑक्सिजनचे विचारल्यावर म्हणाले, "भोकरदनला एक सिलिंडर हाये. भरलेला असला तर मिळंल."

त्यानंतर माणसे येऊ लागली. इथे कोणी आजारी पडले की पाहायला जायचे, ही रीत आहे. जो येतो तो रुग्णाच्या उशाशी बसतो. बारापर्यंत त्या खोलीत एकोणीस जण झाले. खिडकीत दोघे, दारात तिघे. उलुसं (थोडंसं) आलं चाटवा, मोहरीचं तेल चोळा, असे सल्ले चालू होते. एका आजोबांनी विडी पेटवली आणि माझा तोल गेला.

"बाहेर व्हा सगळे! तिला श्वास घेता येत नाही!"

दत्तूचा चेहरा उतरला. "दादा, आजारी माणसाला पाह्यला न्हाई यायचं, मंग कव्हा यायचं?"

सुमनने हाताने अंगणाकडे खूण केली. सगळे उठले आणि लिंबाखाली जाऊन बसले. दिवे लागेपर्यंत कोणी हलले नाही. कोणीतरी जाऊन मळणीयंत्रही बंद करवले, तसा सुमनचा दम हळूहळू कमी झाला.

त्यांच्यात शेजारचा सलीम होता. जालन्यात मिलमध्ये कामाला, सुट्टीवर आलेला. तो दारातूनच म्हणाला, "भाबी, बिलकुल फिकीर करू नका. आमच्या मिलमधी ऑक्सिजनच ऑक्सिजन हाये." मी ते सांत्वन समजलो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता बियाण्याचा टेम्पो दारात थांबला. सलीम आणि आणखी दोघांनी माणसाच्या उंचीचा, गंजलेला सिलिंडर खाली उतरवला.

"फुल भरेल हाये. सेठला विचारून आणला."

हा लोखंड कापायचा वायू आहे, रुग्णाला देता येत नाही, असे मी सांगितले.

"ऑक्सिजन तर ऑक्सिजनच ना, साहेब?"

डॉक्टरांना बोलावले. त्यांनी सिलिंडरकडे पाहून मान हलवली.

"सलीम," दत्तू म्हणाला, "वहिनीला काय कटिंगला घेतो का?"

अंगण हसले. सुमनही हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. सलीम मात्र हसला नाही. सिलिंडरवर हात ठेवून तो उभाच होता. सुमनने त्याला आत बोलावले आणि स्वतः चहा करून दिला.

पुण्याला परतल्यावर मी कागदावर मांडणी केली. घरापासून रुग्णालय आठ मिनिटांवर, तिथे योग्य ऑक्सिजन, आणि तो नाकाला लागण्याआधी पैशांच्या खिडकीवर भरायची अनामत. तिसऱ्या खेपेला आठ दिवसांत सुमनला भेटायला आमच्या इमारतीतले एकच जण आले होते. पिंपळगावात आम्ही न मागता सिलिंडर आला आणि तो निरुपयोगी होता. यातले एक निवडायचे म्हणजे दुसरे सोडायचे, आणि एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाला असा हिशेब करावा लागतो, याचाच मला संताप आला. दत्तूला नकाराचे पत्र लिहिले.

सुमनने ते वाचले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "घर नको, पण दिवाळीनंतर महिनाभर राहायला येते. सलीमभाईंना सांगा."

मला तिने विचारले नव्हते. मी पाकीट चिकटवले.