चांगलं रक्त

दुपारचं जेवण झाल्यावर विजयमाला कॉटवर आडवी होते. उशाशी मोबाईल आहे. त्यावर तिच्या सुनेनं, प्रणालीनं, साखर मोजायच्या दोन मशीनचे फोटो पाठवलेत. एक साधं: बोटाला टोचा, आकडा बघा, संपलं. दुसरं फोनला जोडायचं. ते प्रत्येक आकडा साठवतं, चढउताराची रेघ काढतं आणि ती रेघ थेट डॉक्टरांच्या आणि सुनेच्या फोनवर जाते. "आई, संध्याकाळपर्यंत ठरवा, मी मागवून टाकते," असं सांगून प्रणाली बाहेरच्या खोलीत शिकवणी घ्यायला बसली आहे. पोरं पाढे म्हणतायत. पंख्याची घरघर आणि पाढे एकमेकांत मिसळत जातात. साधंच बरं, विजयमालाच्या मनात येतं. काय खाल्लं, किती खाल्लं, त्याची शोभा कशाला?

"साधंच घे," कुणीतरी म्हणतं.

ती मेडिकलच्या काउंटरपाशी उभी आहे. काउंटरमागं दुकानदार नाही, तिची थोरली बहीण कांचनमाला आहे. अक्का. अक्काला जाऊन दोन वर्षं झाली. साखरेनं आधी तिची नजर नेली, मग डाव्या पायाची जाणीव, मग तो पायच, मग तिला. आत्ता मात्र डोळ्यांवर चष्मासुद्धा नाही.

"अक्का, तू इथं कशी?"

"का? शेवटी तुझ्याकडंच होते की. दुसरं कोण होतं मला?"

अक्का दोन्ही खोकी समोर ठेवते. फोनवालं खोकं मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं चिमटीत उचलते. "हे चोंबडं आहे. सगळं साठवून ठेवतं."

"तुझंही साठवायचं की."

अक्का हसते. "साठवायचं. पण कुणाचं?"

काउंटरची काच तापते. तिच्याखाली मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटतोय. हे वडिलांचं गुऱ्हाळ आहे. इथंच लहानपणी विजयमालाच्या डाव्या पावलावर उकळता पाक सांडला होता. काहिलीच्या कडेला अक्का मात्र म्हातारीच बसली आहे. बोटानं काकवी चाटते आणि हात पुढं करते.

"बोट दे."

विजयमालाचा हात आपोआप पुढं जातो. सवयच तशी आहे. अक्का हवं ते खायची. इन्शुलिनच्या सुईची तिला भयंकर धास्ती. म्हणून रोज सकाळी आपल्या मशीनवर ती धाकटीचं बोट टोचायची. मशीनमध्ये सगळे चांगले आकडे. डॉक्टर ते बघून म्हणायचे, छान, हीच गोळी चालू ठेवा. लॅबमधून रक्त तपासून आणा म्हटलं, की अक्काला हटकून ताप यायचा. विजयमाला एकदा नको म्हणाली, तर अक्का शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली होती, "दोन घास खाते म्हणून थेंबभर रक्त जड झालं का गं तुला?"

"आता माझं रक्त चांगलं राहिलं नाही, अक्का."

"मग सून आहे की. तरणीताठी आहे." अक्का बोट पुसते. "नाहीतर साधं मशीन घे आणि हवा तो आकडा तोंडी सांग. रक्तसुद्धा लागत नाही."

"तसं करून तू गेलीस ना?"

"मी कशानं गेले, सांगू?" एखादी पाककृती सांगावी तशी अक्का सांगते. "साखरेनं नाही गेले. तुझ्या चांगल्या रक्तानं गेले."

"तूच मागायचीस!"

"मागायचे. पण आकडा बघून तुझं तोंड कसं व्हायचं, ते माहितीये? फुलायचं. रूपात मी, शिक्षणात मी, चांगलं सासर मिळालं ते मला. एका रक्तात तेवढी तू वरचढ. रोज सकाळी मला ते दाखवायला बोट घेऊन उभी असायचीस."

विजयमाला पुढं केलेलं बोट मुठीत मिटते.

ती दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत आहे. फरशी दिसत नाही इतक्या सुया पसरल्यात, बोट टोचायच्या, बारक्या, निळ्या डोक्याच्या. त्यांवरून अक्का चालत येते. दोन पायांनी. डाव्या पावलावर भाजल्याचा जुना, चकचकीत डाग आहे.

"अक्का, हा पाय माझा आहे."

"होता."

"दे परत."

"तुला कुठं जाणवतोय? जाणवत नाही ते आपलं नसतं, विजू." अक्का तिचं मनगट धरते. आईसारखं, मऊ. "साधं मशीन घे. दोघी मिळून राहू."

विजयमाला हात हिसडते. "मी दुसरं घेणार," ती ओरडते आणि दाराकडं धावते. तळव्याखाली सुया करकरतात. मागून अक्काचा आवाज येतो, लाडातला.

"दुखत नाही ना? मलाही नव्हतं दुखत."

पंखा फिरतोय. पाढे थांबलेत, पोरं चपला शोधतायत. विजयमाला उठून बसते. चादरीवर पायाशी लाल ओरखडा आहे. ती डावं पाऊल मांडीवर घेते. टाचेत सुई आहे. बारकी, निळ्या डोक्याची, पार बुडापर्यंत रुतलेली. घरात अजून मशीन आलेलं नाही. अक्काचं सगळं सामान तेराव्यालाच बाहेर गेलं.

ती सुई उपसते. थेंब वर येतो. जाणवतंय का बघायला त्या जागी ती नख दाबते, मग जोर करून दाबते.

"आई, ठरलं का?" दारातून प्रणाली विचारते.

विजयमालाचा हात पदराकडं जातो. पाऊल झाकावं, असं क्षणभर वाटतं. मग ती पदर सोडते.

"फोनवालं मागव. आणि इकडं ये, माझा पाय बघ."

प्रणाली जवळ येते, रक्त बघून खाली बसते, टाच हातात घेते. "अगंबाई! केवढं खोल गेलंय! खूप दुखतंय का?"

"नाही," विजयमाला म्हणते, आणि तिला रडू फुटतं.