कुरडयांचं ऊन

हे निवृत्त झाले आणि खडकीचं क्वार्टर सोडून आम्ही कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने राहायला आलो. पेठेत राहायची हौस ह्यांची. वर्षभर बघू, नाहीच करमलं तर वाघोलीला लेकाच्या सोसायटीत जाऊ, असं ठरलं होतं.

मला मुळीच करमत नव्हतं. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत. जिन्यात कोणी भेटलंच तर विचारायचं, "कोणाकडे आलात?" अहो, सहा महिने राहत होते मी तिथे!

उन्हाळा लागला तसे मी सवयीने कुरडयांचे गहू भिजत घातले. खडकीला गच्ची सगळ्यांचीच असायची, विचारायचं कोणाला? रोज पाणी बदललं, गहू वाटून चीक काढला, सकाळी उठून शिजवला. गरम पातेलं घेऊन हे पुढे, सोऱ्या घेऊन मी मागे, अशी आमची वरात गच्चीशी पोचली. दाराला कुलूप.

किल्ली पहिल्या मजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. एकटे राहणारे वयस्कर गृहस्थ. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"वॉटरप्रूफिंग झालंय. गच्चीवर वाळवण बंद."

"पण चीक शिजलाय हो!"

"मग खा." आणि दार लावलं.

परत वर जाताना दुसऱ्या मजल्यावर मला रडूच फुटलं. "बास झालं, लेकाला फोन करा," मी ह्यांना म्हटलं. आवाज ऐकून तिथल्या भाभी बाहेर आल्या. त्यांचं पेठेत पिढीजात अत्तराचं दुकान. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "गार झाला तर सोऱ्यातून उतरायचा नाही, काकू. आत चला. आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन असतं. सासूबाई शेवया तिथेच वाळवायच्या."

धुतलेली साडी अंथरून आम्ही दोघींनी कुरडया घातल्या. दुपारी ऊन इमारतीच्या मागच्या बाजूला गेलं, तशी भाभींनी चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणीला हाक मारली. परातींत, सुपांत भरून कुरडया लिफ्टने वर निघाल्या. लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, "कोणाच्या?" भाभी म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या." मला इतकं बरं वाटलं!

उरलेला चीक दूध-साखर घालून घरोघर वाटला. एक वाटी सेक्रेटरींनाही दिली. हे नको म्हणत होते. मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलं ना, खा म्हणून."

संध्याकाळी ते स्वतः वाटी घेऊन आले. वाटीत गच्चीची किल्ली होती.

"रिकामी वाटी परत करायची आमच्याकडे पद्धत नाही," ते म्हणाले. "घरात दुसरं काही नव्हतं. खाली जाड प्लास्टिक अंथरा."

रात्री लेकाचा फोन आला. "आई, इथे एक फ्लॅट रिकामा होतोय. कधी येताय बघायला?"

"येऊ की," मी म्हटलं, "तुझ्या वाटच्या कुरडया घेऊन. फ्लॅटचं राहू दे."