पेरूची मर आणि शनिवारची कुदळ

"काकू, तुमच्या औषधाने माझं चौथं झाड गेलं!" साळवींनी फोनवर नमस्कारसुद्धा न करता सुनावलं.

मी पनवेलला नर्सरी चालवते. शिक्षण जेमतेम, जे शिकले ते झाडांकडून. साळवी खांदा कॉलनीतले, मोठ्या ऑफिसात साहेब. चिरनेरकडे त्यांचं फार्महाऊस आहे. तिथल्या बारा पेरूंना मर लागली होती. मर म्हणजे मातीतली बुरशी मुळांतून आत शिरते, झाडाला वर पाणीच चढत नाही, मग उभं झाड वाळतं. मी त्यांना समुद्री शेवाळाच्या अर्काचा कॅन दिला होता. बायोस्टिम्युलंट म्हणतात त्याला. ते औषध नव्हेच हो, टॉनिक! बुरशी मारत नाही, नवी मुळं फुटायला ताकद देतं. तीनदा सांगितलं होतं. तीनदा "हो हो काकू" झालं.

"आता जेसीबी बोलावतो. सगळे उपटून पाम लावतो."

"थांबा जरा. मी बघून येते."

शनिवारी गेले. तिथला राखणदार काशीनाथ कुदळ घेऊन पेरूच्या बुंध्याशी खणत होता. उकरलेल्या मातीत पांढरी, कोवळी मुळं तुटून पडलेली.

"अरे, हे काय करतोस?"

"झाडांची आळी खणून गवत काढतोय, मावशी."

"कधी कधी करतोस?"

"दर शनिवारी. साहेब रविवारी येतान ना. माती ताजी दिसली नाय का बोलतान, आठवडाभर झोपला होतास काय?"

मी कपाळाला हात लावला. मी टॉनिक देऊन मुळं वाढवायची, ह्याने ती कापायची, आणि त्या जखमांतून बुरशी आयती आत! चार झाडं अशी घालवली आणि दोष माझ्या कॅनला.

दुसऱ्या दिवशी साळवी येणार म्हणून पुन्हा गेले. तुटकी मुळं साळवींच्या तळहातावर ठेवली आणि कुदळ बंद करायला सांगितलं.

"पण काकू, गवत माजलेलं बरं दिसत नाही. गेस्ट येतात."

"गेस्ट पेरू खायला येतात की माती बघायला?"

"मग हा आठवडाभर काय करतो ते मला कळणार कसं?"

"फाटकाला रंग द्यायला लावा. तो लगेच दिसतो."

काशीनाथ तोंड फिरवून हसला.

कुदळ बंद केली. आळ्यांवर पाचोळा पसरला. गवत विळ्याने वरच्यावर कापायचं ठरलं. टॉनिक आधीचंच, दर पंधरा दिवसांनी मुळांशी. एक झाड आधीच पुरतं पोखरलं होतं, ते गेलं. बाकीच्या सातांना पालवी आली. फाटक मात्र तीनदा रंगवून झालं.

परवा साळवींचा फोन आला. "काकू, या वेळचं टॉनिक एकदम भारी! काय वेगळं घातलंत?"

"काही नाही हो. तुमची कुदळ काढली."

"हॅं हॅं," ते म्हणाले, "दोन कॅन जास्त पाठवा."

दिले नाहीत. झाडाला जेवढं लागतं तेवढंच देते मी. मालकाला रविवारी काहीतरी बघायला लागतं, त्याला माझ्या नर्सरीत टॉनिक नाही.