महादेवराव उठले

महादेवराव गावंड्यांना दर्यापूर तालुक्यात सगळे देवमाणूस म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकजण कधी ना कधी त्यांच्या जागेवर बसलेले आहेत.

काळीपिवळी जीप सुटायच्या कितीतरी आधी येऊन पुढची सीट धरायची, आणि ऐन सुटताना कोणी म्हातारा, कोणी लेकुरवाळी, नाहीतर नुसताच घामेजलेला धडधाकट इसम दिसला की दार उघडून उतरायचं. "बसा बापा, तुमी बसा. आमी मांगच्या जीपनं येतो." दर्यापुरात मागची जीप असतेच. भरली की निघते, तिचा काही वांधा नाही. गावजेवणात ते शेवटच्या पंगतीला बसतात, म्हणजे वरणाचं पाणी आणि जिलबीचा चुरा. सोसायटीच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना उभं केलं, तर समोरच्याच्या पोराची सोयरीक अडेल म्हणून अर्ज मागे घेतला. सोयरीक तरीही मोडली.

ह्या सगळ्यात त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, कोणी कधी विचारलं नाही. नवऱ्यानं जागा दिली की बायकोचीही जातेच. ती काय एकटी जीपमध्ये बसून पुढे जाणार? आशाबाई मोर्शीकडच्या, संत्र्याच्या बागेत लाडानं वाढलेल्या. लग्न होऊन दर्यापूरला आल्या आणि तेव्हापासून उभ्या आहेत. लोक नवऱ्याला दुवा देतात, बाईच्या गुडघ्यांकडे कोणी बघत नाही. आशाबाईंचं मत स्वच्छ होतं. हा चांगुलपणा नाही, हे व्यसन आहे. त्यापेक्षा तंबाखू परवडली. ती खाणारा निदान एकटा खातो.

महादेवरावांची धाकटी बहीण ललिता ठाण्याला असते. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून महादेवरावच हवे होते. आपल्याकडे मामाशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. त्यानंच तिला हाताला धरून आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. तर ह्या मामांनी अकोल्याला रेल्वेत आपल्या राखीव जागा सहलीला निघालेल्या कुठल्याशा मंडळींना देऊन टाकल्या, "आमी मांगच्या गाडीनं येतो" म्हणून फलाटावर उतरले, आणि मांडवात पोचले तेव्हा आचाऱ्याची माणसं पातेली घासत होती. मामाच्या जागी शेजारचा एक बँकवाला उभा राहिला होता. फोटोत अजून तोच आहे. ललिता त्यानंतर दोन दिवाळ्या भावाशी बोलली नाही.

आता धाकट्या रागिणीचं लग्न निघालं. ही शेवटची. ललितानं फोन भावाला केलाच नाही, वहिनीला केला.

"वहिनी, तुमची विमानाची तिकिटं काढली मी. अमरावतीहून."

"अवो, एवढा खर्च काहून?"

"विमानात जागेवर नंबर असते. उभं कोणी राहत नाही, मधात उतरता येत नाही. मंग दादा जागा देऊन देऊन देईन कोणाले?"

आशाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी फोनवरच नणंदेला आशीर्वाद दिला.

विमान होतं चिमणी एअर नावाच्या नव्या कंपनीचं. स्वस्तातली कंपनी. पाणी विकत, मोठी बॅग नेणं विकत, खिडकीजवळ बसणं विकत. फुकट एकच गोष्ट होती, माइकवरचं स्वागत. लग्न शुक्रवारी सकाळी, विमान गुरुवारी दुपारी. बेलोऱ्याच्या, म्हणजे अमरावतीच्याच, विमानतळावर सगळं वेळेत झालं. दोघांचे पास महादेवरावांनी सदऱ्याच्या खिशात ठेवले, कारण तिकीट नवऱ्याच्या खिशात, अशी आपल्याकडची जुनी रीत. आशाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

"इथून हलू नोका. मी बाथरूमले जाऊन येतो."

तेवढाच काय तो त्यांचा गाफीलपणा.

परत आल्या तर महादेवराव उभे. चेहऱ्यावर तेच हसू. जीपमधून उतरतानाचं, पंगतीतून उठतानाचं, अर्ज मागे घेतानाचं.

"काय केलं तुमी?"

"काही नाही अवं. विमानात तीन जागा कमी पडून राहिल्या. ती पोरगी बिचारी सगळ्याइले विचारे, कोणी खुशीनं मांगं राहता का म्हणून. एक माणूस मान वर करन तं शपथ. रडकुंडीस आली होती. मी म्हटलं, बाई, आमी दोघं मांगच्या विमानानं येतो."

"आन् मांगचं विमान कधी?"

हे विचारायचं राहून गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "आपलं पुढचं विमान रविवारी आहे, काका."

महादेवरावांचं हसू होतं तिथंच वाळलं. "मले वाटलं," ते पुटपुटले, "एक गेलं की दुसरं लागत असन."

"दुसरं लागन! दर्यापूरचा जीपवाला हाय का तो? भरलं की सुटते?"

खरं तर जीपवाल्याला नावं ठेवणं अन्यायाचं होतं. जीपवाला जागेपेक्षा जास्त माणसं घेतो, पण घेतो. कोणाला मांडीवर बसवेल, कोणाला मागच्या पायरीवर लटकवेल, पण ज्याचे पैसे घेतले त्याला गावी नेऊन टाकेल. ह्या टाय लावलेल्या लोकांनी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली, कारण काही लोक ऐनवेळी येतच नाहीत, असा त्यांचा अंदाज. आणि सगळेच आले, तर आलेल्यांनीच समजूतदारपणा दाखवायचा. वर ह्याला व्यवस्थापन म्हणायचं, आणि त्याचं शिक्षण देणारी कॉलेजं काढायची.

महादेवरावांच्या जागेवर जाणारा तरुण गॉगल डोक्यावर चढवून समोरून गेला. "थँक्यू हां काका," तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"त्याचं काय अडलं व्हतं मुंबईत?" आशाबाईंनी विचारलं.

"मॅच पाहाले जाऊन राहिला म्हणे."

महादेवरावांनी हळूच हातातलं पुढे केलं. दोन सँडविचं आणि दोन कूपनं, चिमणी एअरच्या पुढच्या प्रवासात सवलत.

काउंटरवर तिसरा माणूस तणतणत होता. त्याच्याजवळ तिकीट होतं, पण त्याला पासच दिला नव्हता. वाहेद, अकोल्याचा सरकी-ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा, व्यापारी. घरासमोरून रेल्वे जाते, तरी स्वस्त तिकिटाच्या मोहानं अमरावतीपर्यंत आलेला, त्यामुळे स्वतःवरही तितकाच चिडलेला.

"मॅडम, मी नाही म्हणून राहिलो. लिहून घ्या. मैं अपनी खुशी से नहीं रुक रहा, तुमी रोकून राहिले!"

आशाबाई त्याच्याजवळ गेल्या. "काहो भाऊ, खुशीनं आन् बिनाखुशीनं, काय फरक पडते?"

"जमीन-अस्मानाचा, मावशी. खुशीनं राहिला त्यानं कंपनी देईन ते घ्यावं. कूपन म्हना, सँडविच म्हना. पण आपन नाही म्हनल्यावरही ह्यायनं उतरवलं, तं दुसऱ्या विमानानं पोचवा, नाहीतं तिकिटाचा पैसा वापस द्या, वरून भरपाई. आपन होऊन हात वर नाही करायचा. काकांनी केला. खेल खतम."

"हात ह्यायनं वर केला," आशाबाई म्हणाल्या. "मी कुठं व्हती?"

"कुठं व्हत्या?"

"मी संडासात व्हती!"

हे जरा मोठ्यानं झालं. रांगेतले दोघंतिघं वळून बघू लागले. बघू देत. आशाबाई काउंटरला जाऊन भिडल्या.

"पोरी, माझा पास आण."

"मावशी, काकांनी दोन्ही पास परत दिले आहेत."

"काकानं त्यायचा दिला. माझा देऊ का म्हणून मले कोणं विचारलं?"

"काका म्हणाले, आम्ही दोघं..."

"काका लगन झाल्यापासून 'आमी दोघं' म्हणून राहिले. तिकिटावर नाव कोणाचं हाय? वाच."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं. "आशा महादेव गावंडे."

"ते मी. आन् मी खुशीची नाही. मले बसव."

मुलगी बावरली. गॉगलवाला आत जाऊन बसला होता, बाकीच्या जागाही वाटून झाल्या होत्या. तिनं साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे नितेशपेक्षा, आशाबाईंच्या मुलापेक्षा, लहान पोरगा. त्यानं येताच इंग्रजी सुरू केलं, इंग्रजीपुढे म्हातारी नमेल अशा हिशेबानं. आशाबाईंनी त्याचं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं.

"मराठीत सांग बापा. मराठीत सांगाले लाज वाटते असं काय केलं तुमी?"

पोरगा मराठीत आला तेव्हा निम्मा झाला होता. वाहेदनं तेवढ्यात त्याला गाठलं. "साहेब, नागपूरहून संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं विमान हाय. त्याची तिकिटं काढा, तिथवर गाडी करून द्या. मले तेच पाह्यजे."

"मलेही तेच," आशाबाई म्हणाल्या. "तीन तिकिटं."

"तुमचं आणि ह्या भाऊंचं करतो, मावशी. पण काकांनी तर स्वतःच्या इच्छेनं..."

इथे महादेवराव खुर्चीवरून उठले. "असू दे ना अवं. त्या पोराच्या नोकरीवर येईन. मी येतो रविवारी..."

"बसा!"

ते बसले.

आशाबाईंनी पिशवीतून फोन काढला, ठाण्याला लावला आणि स्पीकर सुरू करून साहेबांच्या तोंडासमोर धरला. "ही नवरीची माय. हिले तूच सांग, मामा रविवारी येते म्हणून. लगन उद्या हाय."

ललिता कित्येक वर्षं ठाण्यात राहून मऊ बोलायला शिकली होती. ते सगळं शिकलेलं तिनं त्या एका फोनमध्ये परत केलं. मागच्या लग्नापासूनचं साचलेलं होतं, भाऊ समोर नव्हता, साहेब होता. आत जायचे राहिलेले प्रवासी फोनमधली मान प्रथमच वर करून ऐकू लागले. ह्याच मंडळींनी मघाशी मान खाली घातली नसती, तर ही वेळ आली नसती. पण तमाशाला मान वर करायला काही लागत नाही.

"तीन करतो," साहेब म्हणाला. "मॅडम, तीन करतो. तुम्ही फोन बंद करा."

गाडी आली. आशाबाईंनी कूपनं काउंटरवर ठेवली, सँडविचं मात्र घेतली. नागपूरपर्यंत वाहेद हसत होता. "मावशी, आमच्या बाजारात या. ढेपेचा भाव तुमीच ठरवा." महादेवराव पुढच्या सीटचं दार धरून उभे राहिले होते, "वाहेदभाऊ, तुमी पुढं बसा, पाय मोकळे होतीन." तेवढं आशाबाईंनी चालू दिलं. नागपूरला पास हातात पडले, तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही पास आपल्या बटव्यात टाकले आणि बटवा कमरेला खोचला.

शुक्रवारी सकाळी महादेवराव फेटा बांधून उभे होते. रागिणीला त्यांनीच हाताला धरून आणलं होतं. ललिता रडावं की हसावं ह्या गोंधळात नुसतीच अक्षता वाटत सुटली होती. अंतरपाट धरला गेला. इतक्यात मागच्या खेपेचा तोच बँकवाला, सवयीनं म्हणा किंवा फोटोच्या हौसेनं म्हणा, फेटाबिटा घालून पुढे सरकला, आणि फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, साहेबांना येऊ द्या."

महादेवरावांचा उजवा पाय उचलला गेला. तो पाय आशाबाईंनी जन्मभर पाहिला होता. त्या समोरच्या बाजूला उभ्या होत्या, हातात अक्षता, ओरडायची सोय नाही. त्यांनी फक्त बघितलं. महादेवरावांनीही त्यांच्याकडे बघितलं. मग रागिणीच्या पाठीकडे. पाय परत खाली आला.

"साहेब, मांगच्या लग्नात तुमी व्हते," ते हळूच म्हणाले. "आता मी हाय." आणि बँकवाल्याचं तोंड उतरलेलं पाहून लगेच पुढे, "जेवताना माझ्या जागेवर बसजा."

हा माणूस बदलला वगैरे असं कोणी समजू नये.

ललितानं हट्टानं पंगत ठेवली होती, टेबलखुर्चीवर का होईना. पहिल्या पंगतीत मामा-मामींना मधोमध बसवलं. पानं वाढून झाली, आणि बँकवाला दारात दिसला. महादेवराव उठले.

"बसा साहेब, बसा. चाल अवं, आपण मांगच्या पंगतीत बसू."

आशाबाईंनी भाताला आळं करून वरणावर तूप घेतलं.

"तुमी जा," त्या म्हणाल्या.

महादेवराव थोडा वेळ तिथंच उभे राहिले. एकट्यानं उठायची त्यांना सवय नव्हती. मग ते दाराकडे गेले, आणि बँकवाला खुर्ची ओढून आशाबाईंच्या शेजारी बसला.

"फार भला माणूस हो तुमचे मिस्टर," तो म्हणाला.

"हो," आशाबाई म्हणाल्या. "ती जिलबी इकडं सरकवा."